पार्किंगमधलं पिल्लू घरी आणलंय: दुधाचा प्रश्न तिसरा, आधीचे दोन वेगळेच आहेत

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि क्लिनिक संपेपर्यंत डोक्यातून गेला नाही, म्हणून आता निवांत बसून जरा लांबलचकच लिहितोय.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. नाशिकमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली ताईंच्या मुलीला कुत्र्याचं पिल्लू दिसलं, तिने ते उचलून घरी आणलं, आज तीन रात्री झाल्या. डोळे उघडलेत पण चालताना मागचे पाय लडबडतात. गायीचं दूध पाणी घालून वाटीत ठेवतात, थोडंफार पितं, पण पिवळी पातळ शी होतेय आणि रात्रभर कुईकुई चालू असते. सासूबाई म्हणतात रात्री लक्ष देऊ नका, सवय लागेल. शेजारच्या काकू म्हणतात सेरेलॅक द्या. ताईंचा प्रश्न आहे की दूध नेमकं कुठलं द्यायचं, आंघोळ कधी घालायची आणि लस कधी.

मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडून एकवीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक नाशिकातच गेली, आणि दर डिसेंबरला अशी पिल्लं बुटाच्या खोक्यातून, स्कार्फमधून, एकदा तर जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून माझ्या टेबलावर येतात. डिसेंबरच का, तर आपल्याकडे कुत्र्यांचा सीझन भाद्रपदातला, म्हणून तर 'भाद्रपदातली कुत्री' हा शब्द आहे. गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात, म्हणजे हिशेब केला तर दिवाळीच्या आसपास किंवा त्यानंतर, आणि ती तीन-चार आठवड्यांची होऊन इकडेतिकडे रांगायला लागतात तेव्हा नाशिकचा पारा रात्री १० अंशांच्या आसपास उतरलेला असतो. यातली जी पिल्लं दगावतात ना, त्यांना काय होतंय असं विचारलं की घरचे सांगतात 'दूधच पीत नाहीये हो'. पण बऱ्याचदा ते दूध पीत नसतं कारण ते गार पडलेलं असतं. म्हणून दुधाचं सांगतोच, पण आधी वय आणि ऊब.

वय ओळखायला दात बघा. ओठ हळूच वर करा, बोट फिरवा. हिरड्या गुळगुळीत असतील तर तीन आठवड्यांच्या आतलं. समोरचे बारके दात आणि सुळे टोचायला लागले असतील तर तीन ते चार आठवडे. मागच्या दाढा पण दिसत असतील तर चार ते सहा. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, त्यामुळे 'डोळे उघडलेत' एवढ्यावरून काही कळत नाही. पाय लडबडतात म्हणजे तुमचं तीन आठवड्यांच्या आसपासचं असावं असा माझा अंदाज, पण अंदाजच हं, कारण जंत फार झालेलं किंवा उपाशी राहिलेलं पाच आठवड्यांचं पिल्लूसुद्धा असंच लडबडतं. दात बघितल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका, कारण तीन आठवड्यांच्या पिल्लाचं सगळं गणित पाच आठवड्यांच्या पिल्लाला लागू होत नाही.

आता एक प्रश्न जो तुम्ही विचारलाच नाहीये. याची आई कुठेय? मुलीला वाईट वाटू देऊ नका, तिने चांगल्याच हेतूने उचललं. पण कुत्री पिल्लांना सोडून चार-चार तास खायला शोधायला जाते, आणि त्यातलं एखादं आगाऊ पिल्लू रांगत बाहेर येतं. ते टाकून दिलेलं नसतं. वॉचमनला विचारा, कचरा उचलायला येतात त्यांना विचारा, सड लोंबत असलेली कुत्री आसपास फिरतेय का. असेल आणि पिल्लू अंगाने गरम, हालचाल करणारं असेल तर संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर कमी उंचीच्या खोक्यात त्याच जागी ठेवा आणि लांब उभं राहून बघा. माणसाचा हात लागला की आई जवळ घेत नाही हे मी हजार वेळा ऐकलंय, तसं काही नसतं. तीन दिवसांनीही बहुतेक आया घेतात, चाटायला लागतात लगेच. नाही आली तर तासा-दीड तासात पिल्लू उचलून परत घरी आणा, रात्रभर थंडीत ठेवू नका. आणि ती जागा हायवेला लागून असेल, किंवा कुत्री मेल्याचं कुणी सांगितलं, तर हा विषय संपला, तुम्हीच आई. पण आई सापडत असेल तर आणखी तीन-चार आठवडे पिल्लू तिच्याकडे राहून मग तुम्ही पाळायला घेतलं तर तुमचाही त्रास वाचतो. तिला रोज एक वेळ खायला घातलं की झालं.

आई नाहीये असं धरून पुढचं.

ऊब. या वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवणं धड जमत नाही, पहिला आठवडाभर तर त्याला कुडकुडताही येत नाही. भावंडांच्या ढिगात झोपलेलं असतं तेव्हा चालून जातं, पण तुमच्या घरी ते फरशीवर गोणपाट टाकून एकटंच आहे, आणि फरशी अंगातली सगळी उष्णता ओढून घेते. गार पडलं की आतडी चालायची थांबतात, वरून पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं, फुगतं, नाहीतर उलटून फुफ्फुसात जातं. म्हणून गार पिल्लाला कधीही पाजायचं नाही, आधी गरम करायचं. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी माझं आजचं टायपिंग वसूल. साधं डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला खोबरेल लावून अर्धा-एक सेंटीमीटर गुदद्वारात. तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १०० फॅरनहाइट नॉर्मल, मोठ्या कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं, तो आकडा गूगलवर बघून घाबरू नका. ९५ च्या खाली असेल तर तोंडात दूध घालायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून तुमच्या अंगाशी धरा, शर्टाच्या आत धरलंत तरी चालेल, आणि दोन-तीन तासांत हळूहळू गरम होऊ द्या. हेअर ड्रायर, शेगडी, गरम पाण्यात बुडवणं, यातलं काही नको. अगदीच लोळागोळा झालेलं असेल तर बोटाला ग्लुकोजचं दाट पाणी किंवा मध लावून हिरड्यांवर चोळा, घशात ओतू नका, आणि तसंच उचलून डॉक्टरकडे निघा.

रोजची व्यवस्था सोपी आहे. पुठ्ठ्याचं खोकं, खाली वर्तमानपत्राच्या जाड घड्या, वर जुनी चादर किंवा फ्लीसचं कापड. टॉवेलच्या सुटलेल्या धाग्यात नखं अडकतात, ते टाळा. एका बाजूला गरम पाण्याची पिशवी, नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी, दोन पदरी कापडात गुंडाळून. एकाच बाजूला, कारण जास्त गरम झालं तर त्याला सरकून लांब जाता आलं पाहिजे, सगळं खोकं भट्टीसारखं तापवलं तर तेही वाईट. पाणी तीन-चार तासांनी बदलायचं, आणि इथेच लोक चुकतात. पहाटे चारला तीच पिशवी गार होऊन उलट पिल्लाच्या अंगातली ऊब ओढत असते. अलार्म लावा. खोक्याच्या आत गरम बाजूला साधारण २६-२७ सेल्सिअस राहिलं तर बास.

आता दूध. तुम्ही गायीच्या दुधात पाणी घालताय कारण पचायला हलकं जावं, बरोबर ना? सगळेच घालतात. पण कुत्रीचं दूध गायीपेक्षा कितीतरी दाट असतं, साधारण दुप्पट प्रोटीन आणि दुपटीहून जास्त फॅट, आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मात्र गायीपेक्षा कमी. म्हणजे गायीचं दूध आधीच त्याला पातळ, त्यात पाणी घातलं की पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, आणि जे लॅक्टोज पचत नाही त्याने जुलाब. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असतं पण लॅक्टोज तेवढंच. शेळीचं दूध म्हणजे अमृत असं खूप जण सांगतील, माझ्या मते ते गायीपेक्षा किंचित बरं, एवढंच. सेरेलॅक माणसाच्या बाळासाठी आहे, त्याच्यावर पिल्लू गुबगुबीत दिसतं पण ते धान्य आणि साखर आहे, तीन आठवड्यांच्या पिल्लाचं ते जेवण नव्हे. 'आमच्या गावाला कुत्री दूध-भाकरीवरच वाढली' हेही कुणीतरी म्हणेलच. जी वाढली ती दिसतात हो. पश्चिम बंगालात रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ साली आला होता, त्यात वयात येईपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं उरली. त्यात भाकरीचा दोष नव्हता, बहुतेक माणसांमुळेच मेली, गाड्या वगैरे. पण 'गावात सगळी जगतात' हे काही खरं नाही.

कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूध पावडर पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळते, बेबीडॉग, पेटलॅक अशा नावांनी, महाग वाटेल पण दोन आठवड्यांचाच खेळ आहे. ती मिळेपर्यंत एक-दोन दिवस चालवायचं तर एक कप म्हणजे साधारण २४० मिली फुल क्रीम दूध, त्यात दोन अंड्यांचा पिवळा बलक आणि एक छोटा चमचा तेल, नीट घुसळून गाळून घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, लागेल तेवढंच कोमट करा. घरात अंडं चालत नसेल तर शेजारी करून घ्या, सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर.

किती द्यायचं? तिसऱ्या आठवड्यात दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण २० मिली. समजा ७०० ग्रॅमचं आहे, तर दिवसाला १४० मिली, सहा वेळा विभागून प्रत्येक वेळी २३-२४ मिली. म्हणजे एका वेळी दीड मोठा चमचा, फक्त! लोक अर्धी वाटी पाजतात आणि मग जुलाब दुधाने झाले म्हणतात, अर्धे जुलाब तर जास्त पाजण्याचेच असतात. रात्री एकदा उठायचं, बाकी दिवसा तीन-साडेतीन तासांनी. पाजताना पिल्लू पोटावर, आईला पितं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं मांडीवर घेऊन पाजायचं नाही, दूध श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो, आणि तो झाला की आम्हाला फार काही करता येत नाही हे खरंच सांगतो. बाटलीच्या निप्पलचं भोक असं हवं की उलटी धरली तर थेंब हळूच यावा, धार नको. सिरिंजने जोर लावून ढकलू नका. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसून घ्या. तुमचं वाटीतून चाटतंय म्हणताय, तर उथळ ताटलीत दिलं तरी चालेल, मात्र किती पोटात गेलं याचा हिशेब ठेवा.

यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा. रोज सकाळी पाजायच्या आधी एकाच वेळी वजन करा, कॅलेंडरवर लिहा. रोज थोडं तरी वाढलं पाहिजे, एक दिवस तेवढंच राहिलं तर लक्ष ठेवा, दुसऱ्या दिवशीही वाढलं नाही किंवा कमी झालं तर वाट बघत बसू नका. दिसायला पिल्लू बरं वाटत असतं, काटा आधी सांगतो.

तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर आणखी एक काम, त्याला शी-शू स्वतःहून होत नाही, आई चाटते म्हणून होते. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट ओल्या कापसाने खालचा भाग हळूहळू पुसत राहायचं, मिनिटभरात होतं. पोट टम्म फुगलंय, रडतंय, आणि घरच्यांना वाटतंय भूक लागली, अशी केस मी कितीतरी वेळा फक्त कापसाने मोकळी केलीय. शू बघायची सवय लावा, जवळजवळ पाण्यासारखी हवी, गडद पिवळी म्हणजे अंगात पाणी कमी पडतंय.

तुमच्या पिल्लाच्या जुलाबांबद्दल. खेळतंय, पितंय, अंग गरम आहे, तर एक-दोन वेळचं दूध बंद ठेवून कोमट ओआरएस, त्याच मापात, मग अर्धं दूध अर्धं ओआरएस, मग पूर्ण. दिवसभर नुसतं ओआरएसवर ठेवू नका, एवढ्याशा जीवाची साखर झपकन उतरते. माणसांचं जुलाब थांबवायचं कुठलंही औषध नाही, ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. शीमध्ये रक्त, काळी डांबरासारखी शी, उलटी, हिरड्या पांढुरक्या, किंवा पाजायला गेलं की तोंडच न उघडणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. खाजगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तिथे जा, लाजायचं काही नाही.

जंत. रस्त्यावरच्या पिल्लाच्या पोटात जंत आहेत की नाहीत ही चर्चाच करायची नाही, आहेत. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात, हूकवर्म म्हणजे आकडीसारखे जंत दुधातून येतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतं, दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांचं होईस्तोवर महिन्याला एकदा. डोस वजनावर ठरतो, म्हणून एकदा दाखवून घ्या, मेडिकलवाल्याच्या अंदाजाने नको. हे जंत मुलांनाही बाधतात, म्हणून मुलीने हात धुतल्याशिवाय जेवायचं नाही.

पिसवा आणि गोचिडी असतील तर बारीक दातांचा कंगवा आणि चिमटा, काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मोठ्या कुत्र्यांची पावडर, कॉलर, रॉकेल (हो, अजून लावतात) यातलं काही नको. हिरड्या फिक्या आणि अंगावर पिसवा बुजबुजलेल्या असतील तर ती इमर्जन्सी आहे, एवढंसं रक्त असतं आणि तेच शोषलं जातं. आंघोळ तर आत्ता नाहीच, सहा-आठ आठवडे. घाण लागली तर कोमट ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा. डेटॉल नको.

लस सहा आठवड्यांनंतर, तीही पिल्लू ठणठणीत आणि जंतमुक्त असेल तेव्हा. पहिली पपी डीपी म्हणतात ती, पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य आजारांची, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन, म्हणजे एकाच इंजेक्शनात अनेक आजारांवरची लस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडला पाहिजे. एवढे डोस कशाला असं सगळे विचारतात. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज लसीलाही मारून टाकतात, त्या कधी संपतात हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांना. तोवर पिल्लू सोसायटीच्या गार्डनमध्ये खाली सोडायचं नाही, कडेवर घेऊन फिरवा, माणसं दाखवा, आवाज ऐकवा, जमिनीला पाय नको. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनाईलच्या वासाने त्याला काही फरक पडत नाही, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी लागतं. घरी याआधी एखादं पिल्लू पार्वोने गेलं असेल तर ते आधी सांगा, मग सल्ला बदलतो.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण मी सोडणार नाही. पिल्लाचा दात किंवा नख मुलीला लागलंय का? पिल्लू लहान आहे, त्याने काही होत नाही, असं म्हणणारे सुशिक्षित लोक मला दर महिन्याला भेटतात. पिल्लाला रेबीज होऊ शकतो, वयाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तुमच्या पिल्लाची आई कोण, तिला काय झालंय, आपल्याला माहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका वाड्यातलं असंच गोजिरवाणं पिल्लू चार दिवसांत विचित्र वागायला लागलं, गिळता येईना, आणि गेलं, आणि त्याला कुणी कुणी मांडीवर घेतलं होतं याची यादी करता करता नऊ माणसं निघाली, सगळ्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. सगळे बरे आहेत, कारण सगळ्यांनी वेळेत घेतली. तेव्हा कातडी खरचटली असेल, किंवा जुन्या जखमेवर पिल्लाने चाटलं असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, आणि आजच माणसांच्या डॉक्टरला दाखवा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. हळद, चुना, मिरची काही लावू नका. हे घाबरवायला नाही सांगत, पिल्लू घरात ठेवा, फक्त हे काम उरकून घ्या.

सासूबाईंचं म्हणणं तीन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, तिथे दर हाकेला धावलं तर ते तुम्हाला नाचवतं. पण तीन आठवड्यांचं रात्री रडतं ते लाडाने नाही. क्रमाने बघायचं: गार पडलंय का, भूक लागलीय का, शू तुंबलीय का. तिन्ही नसेल तर एकटं वाटतंय, खोकं तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर घ्या, एखादं मऊ खेळणं गरम पिशवीला टेकवून ठेवा म्हणजे अंगाला काहीतरी लागतं. अंथरुणात घेऊन झोपू नका, झोपेत अंगाखाली येतं, आणि असं झालेलं मी पाहिलंय.

चार आठवडे झाले की कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेलं पपी स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाणं, ताटलीत, पातळ लापशीसारखं, दिवसातून चार वेळा. उकडलेलं अंडं, बारीक केलेलं चिकन थोडं थोडं चालतं. दहीभात अधूनमधून ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. कांदा, चॉकलेट, द्राक्षं कधीच नाही, आणि आपल्या नाशिकात द्राक्षं घराघरात असतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

जाता जाता, खाली एकांनी 'आम्ही ४५ दिवसांचं लॅब (लॅब्राडोर) विकत आणलंय, हेच लागू का' असं विचारलंय. वरचं ऊब आणि बाटलीचं नाही, बाकी सगळं लागू. पण दात बघा, ४५ सांगून ३० दिवसांचं हातात देतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ते उगाच नाही, चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू भावंडांकडूनच शिकतं, लवकर तोडलं की तुमचे हात ओरबाडून निघतात.

ताई, आज रात्री तीन गोष्टी करून कळवा: थर्मामीटरवर आकडा किती आला, वजन किती भरलं, आणि हिरडीवर बोट फिरवल्यावर टोचलं का. मग दुधाचं माप मी नीट काढून देतो. आणि वॉचमनला कुत्रीबद्दल विचारायला विसरू नका, रात्रपाळीच्या वॉचमनला, त्याला जास्त माहीत असतं.